मीडियाला शंभरच जिवाणू द्या

प्रश्न असा आला आहे : "दूध पावडरच्या कारखान्यात लॅब सांभाळते. एक्सएलडीचा (साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जिवाणूला वाढवून ओळखायच्या मीडियाचा, म्हणजे पोषक माध्यमाचा) नवा लॉट आला की साल्मोनेलाचा कंट्रोल, म्हणजे ओळखीचे कल्चर, प्लेटवर स्ट्रीक करून (लूपने ओढून) पाहते. कॉलन्या छान आल्या, कडेने गुलाबी, मध्ये काळ्या. पीएच बरोबर, ऑटोक्लेव्हचा चार्ट बरोबर. तरी पीटीच्या, म्हणजे लॅबची परीक्षा घेणाऱ्या बाहेरच्या चाचणीच्या, नमुन्यात साल्मोनेला होता आणि आम्ही ‘आढळला नाही’ असे कळवले. मीडिया पास असताना हे झाले कसे? मीडिया तपासायचा तरी कसा?"

ताई, तुमच्या वर्णनातच दोन-तीन धागे सापडतात. त्यातला पहिला ‘स्ट्रीक करून पाहते’ हा.

रात्रभर वाढवलेल्या कल्चरच्या एका मिलीलीटरमध्ये पन्नास ते शंभर कोटी पेशी असतात. 10 मायक्रोलीटरचा लूप भरून घेतला की प्लेटवर निदान पन्नास लाख पेशी गेल्या. समजा मीडिया इतका बिघडलेला आहे, की दर हजार पेशींतल्या 999 त्यावर मरतात. तरीही पाच हजार उरतात आणि तेवढ्यांत प्लेट भरून जाते. काळ्या ठिपक्यांची ती प्लेट पाहून आपण रजिस्टरमध्ये ‘समाधानकारक’ लिहून मोकळे होतो. त्या चाचणीने मीडियाविषयी एवढेच कळले, की तो निव्वळ विष नाही.

आता तुमच्या पावडरीचा विचार करा. 25 ग्रॅममध्ये साल्मोनेला असलाच तर कदाचित पाच, कदाचित वीस पेशी. त्याही स्प्रे ड्रायरच्या गरम हवेतून गेलेल्या, महिनोन्‌महिने कोरड्यात पडलेल्या, अर्धमेल्या. आणि अशा मोजक्या पेशीही माणसाला आजारी पाडू शकतात. 1973-74 साली कॅनडात बनलेल्या चॉकलेटमधून साल्मोनेला ईस्टबोर्नची साथ कॅनडा आणि अमेरिकेत पसरली, तेव्हाही चॉकलेटमधले प्रमाण फार कमीच होते. आपल्याकडे एफएसएसएआयच्या निकषात दूध पावडरीचे पाच नमुने घेतात आणि पाचही नमुन्यांच्या 25 ग्रॅमात साल्मोनेला गैरहजर लागतो, तो याचसाठी. म्हणजे मीडियाला विचारायचा प्रश्न असा : थोड्या, थकलेल्या पेशी गर्दीत दडल्या असताना तू त्यांना वर आणतोस का? लूपभर कल्चर फासून हा प्रश्न विचारलाच जात नाही.

दुसरा धागा तुम्ही न लिहिलेल्या गोष्टीत आहे. पत्रात फक्त एक्सएलडी आहे. पण नमुना एक्सएलडीपर्यंत पोहोचतो तो तिसऱ्या पायरीला. आधी 25 ग्रॅम पावडर 225 मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, म्हणजे बीपीडब्ल्यूमध्ये, 37 अंशांच्या आसपास 18 तास. मग त्यातले 0.1 मिली 10 मिली आरव्हीएस ब्रॉथमध्ये, म्हणजे साल्मोनेला सोडून बाकीच्यांना दाबणाऱ्या द्रव मीडियात, 41.5 अंशांवर 24 तास. शिवाय 1 मिली एमकेटीटीएन या तशाच दुसऱ्या ब्रॉथमध्ये, 37 अंशांवर. त्यानंतर प्लेट. सगळे सुरळीत झाले तर एक्सएलडीवर येईपर्यंत साल्मोनेला लाखांनी असतो. मोजक्या पेशींशी गाठ पडते ती बीपीडब्ल्यूची आणि गर्दीतून निवड करायची असते ती आरव्हीएसने. आपण मात्र सगळ्यात सोपे काम असलेल्या मीडियाची परीक्षा घेतो आणि अवघड काम करणाऱ्या दोघांना वरच्या वर्गात ढकलतो. तीस वर्षांत मी पाहिलेल्या बहुतेक लॅबमध्ये हेच चालते. कारण सरळ आहे : प्लेटवर रंग दिसतो, फोटो काढता येतो, ऑडिटरला दाखवता येतो. ब्रॉथ नुसता गढूळ होतो.

म्हणून ब्रॉथपासून सुरुवात करू.

आरव्हीएसची चाचणी अशी करा. 10 मिलीच्या एका नळीत साल्मोनेलाच्या जास्तीत जास्त 100 पेशी घाला. त्याच नळीत ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा या दोघांच्या प्रत्येकी हजाराहून जास्त. ही मिसळ महत्त्वाची, कारण खऱ्या नमुन्यात साल्मोनेला कधी एकटा नसतो. 41.5 अंशांवर 24 तास ठेवा, मग 10 मायक्रोलीटरचा लूप एक्सएलडीवर ओढा. साल्मोनेलाच्या खास कॉलन्या दहापेक्षा जास्त आल्या पाहिजेत. दुसऱ्या नळीत एकटा ई. कोलाय आणि तिसरीत एकटा एंटरोकॉकस फिकॅलिस घाला, त्या नळ्या टीएसएवर, म्हणजे सगळ्यांना वाढू देणाऱ्या साध्या अगारवर, ओढा. ई. कोलायच्या कॉलन्या शंभरच्या आत आणि एंटरोकॉकसच्या दहाच्या आत राहिल्या तर निवड करण्याची ताकद शाबूत आहे. एमकेटीटीएनलाही मिसळीची ही परीक्षा द्या आणि त्यात आयोडिनचे द्रावण वापरण्याच्या दिवशीच घाला. आयोडिन घालून ठेवलेला ब्रॉथ पुढच्या आठवड्यात तोच राहत नाही.

बीपीडब्ल्यूला 100 च्या आत पेशी देऊन 18 तासांनी गढूळपणा पाहायचा, एवढीच अपेक्षा असते. मला ती अपुरी वाटते, कारण 18 तासांत उशिरा उठलेलाही वेळेवर पोहोचलेला दिसतो. म्हणून मी एक जादा चाचणी करतो. जुन्या, पास झालेल्या लॉटच्या आणि नव्या लॉटच्या बीपीडब्ल्यूत सारख्याच, पन्नासच्या आत पेशी घालतो, सहा तासांनी दोन्हींतले थोडे टीएसएवर पसरतो आणि कॉलन्या मोजतो. आकडे जवळपास आले तर ठीक. नव्या लॉटचा आकडा निम्म्याहून खाली असेल तर तो लॉट मी दूध पावडरीला वापरत नाही, मग 18 तासांनी कितीही गढूळ दिसो.

हे सगळे आयएसओ 11133 या मानकाच्या चौकटीत बसते. ते 2014 साली आले, पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. मीडिया तयार करणे, साठवणे आणि त्याची कामगिरी तपासणे यावर ते आहे. तुमची लॅब मान्यतेसाठी एनएबीएलकडे जाणार असेल तर ते मुळातून वाचा. त्यातले तक्ते घाईत वाचायचे नाहीत. प्रत्येक मीडियासमोर कोणता स्ट्रेन (जिवाणूचा नेमका वाण), किती पेशी, किती तास आणि काय दिसले पाहिजे हे लिहिलेले आहे. तुमच्या लॅबचा अर्धा एसओपी (कामाची लेखी पद्धत) त्यातच तयार मिळेल.

आता प्लेट. प्लेटसाठी आकडा आहे, त्याला उत्पादकतेचे गुणोत्तर म्हणतात. एकच पातळ केलेले कल्चर, साधारण 100 पेशी, टीएसएवरही पसरायचे आणि एक्सएलडीवरही. टीएसए कोणालाच अडवत नाही, म्हणून तो माप. समजा टीएसएवर 96 कॉलन्या आल्या आणि एक्सएलडीवर 61. भागाकार 0.64. निवडक मीडियाला 0.5 किंवा जास्त लागतो, तेव्हा पास. टीएसएसारख्या निवड न करणाऱ्या मीडियाचा नवा लॉट आधीच्या लॉटशी ताडायचा आणि तिथे किमान 0.7 लागतो. प्रत्येकी एकच प्लेट घेऊ नका. शंभरच्या मोजणीत दहाचा इकडे-तिकडे फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, म्हणून निदान दोन-दोन प्लेट घ्या. निवडकपणासाठी उलटे करायचे : ई. कोलाय आणि एंटरोकॉकस दहा हजार ते दहा लाख पेशी इतके भरपूर द्यायचे. एक्सएलडीवर एंटरोकॉकस उगवता कामा नये, आणि ई. कोलाय आला तर दबलेला, पिवळा.

या भागाकाराचे महत्त्व मला एका प्लेटने शिकवले. सुरुवातीच्या काळात मी होतो त्या लॅबमध्ये एका संध्याकाळी एक्सएलडीचा फ्लास्क उकळून झाला, ओतायला वेळ झाला नाही, म्हणून रात्रभर वॉटर बाथमध्ये राहिला. सकाळी तो घट्टसर दिसला म्हणून पुन्हा उकळला आणि प्लेट ओतल्या. प्लेट उजेडासमोर धरली तर नेहमीचा स्वच्छ लाल रंग नव्हता. किंचित तपकिरी झाक होती आणि तळाशी पिठाच्या कणांसारखा बारीक साका. स्ट्रीक केल्यावर कॉलन्या झकास आल्या. वरिष्ठ बाईंनी मात्र पातळ कल्चर पसरायला लावले. टीएसएवर 104, या प्लेटवर 31. म्हणजे 0.30. दर दहा साल्मोनेलांतले सात त्या प्लेटवर उठलेच नव्हते, आणि स्ट्रीकने याचा मागमूसही लागू दिला नव्हता. त्या दिवशी त्या प्लेटवर पंधरा नमुने लावायचे होते.

इथे तुमच्या पत्रातला तिसरा धागा येतो : ‘ऑटोक्लेव्हचा चार्ट बरोबर’. तो चार्ट बीपीडब्ल्यूचा असेल तर उत्तम. एक्सएलडीचा असेल तर गुन्हेगार सापडला. एक्सएलडी ऑटोक्लेव्हमध्ये घालायचाच नसतो. ढवळत उकळी आणायची, अगार विरघळला की लगेच उतरवायचा, 44 ते 47 अंशांवर निववायचा आणि चार तासांच्या आत ओतून संपवायचा. पुन्हा वितळवायचा नाही. त्यातले डीऑक्सिकोलेट जास्त उष्णतेने साका धरते आणि मग साल्मोनेलालाही बाधते. उकळी टाळता येत नाही ती अगारमुळे. हाच अगार आपण चायना ग्रास म्हणून खिरी-पुडिंगात घालतो. तो लॅबमध्ये आला तोही स्वयंपाकघरातूनच : 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांना त्यांच्या पत्नी फॅनी यांनी जिलेटिनऐवजी अगार सुचवला. जिलेटिन 37 अंशांवर वितळते, अगार त्या उष्णतेत टिकतो. पण त्याच गुणामुळे तो विरघळवायला उकळावा लागतो आणि उकळताना हात सुटला की नाजूक घटक बिघडतात. मायक्रोवेव्हमध्ये तर फ्लास्कच्या मध्यभागी किती तापले ते कळतही नाही. एक्सएलडीसाठी मी तो वापरू देत नाही.

आरव्हीएसचा स्वभाव वेगळा. तो 121 अंशांवर नव्हे, 115 अंशांवर 15 मिनिटे ऑटोक्लेव्ह करायचा. शेवटी पीएच 5.2 च्या आसपास, जास्तीत जास्त 0.2 इकडे-तिकडे. त्याच्या पावडरीत मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि ते हवेतले पाणी ओढते. कोकणात मासळी निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये जुलै महिन्यात गेलो होतो. आरव्हीएसचा डबा उघडला तर आत पावडर नव्हती, हिरवा खडा होता, चमच्याने फोडून वजन करत होते. वजन काट्यावर अचूक, पण त्यातला बराच भाग पाणी. म्हणजे ब्रॉथमध्ये मॅलॅकाइट ग्रीन कमी, क्षार कमी, निवड ढिली. त्या नळीत ई. कोलाय मजेत वाढत होता आणि साल्मोनेला त्याच्याखाली दबत होता. तपासणीच्या नोंदीत मात्र सगळे हिरवे, कारण चाचणी फक्त साल्मोनेलाची होती, ई. कोलायला कोणी विचारलेच नव्हते. तेव्हापासून पावसाळी भागातल्या लॅबना सांगतो : 500 ग्रॅमचा डबा घेऊ नका, 100 ग्रॅमचे घ्या, उघडल्याची तारीख झाकणावर लिहा, डबा सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्ये ठेवा आणि गोळी धरलेली पावडर फेकून द्या. ती चाळून वापरायची नसते.

पाण्याचेही तसेच. मीडियाच्या पाण्याची वाहकता 25 मायक्रोसीमेन्सच्या आत हवी, पाचच्या आत असेल तर उत्तम. बोअरच्या कठीण पाण्यावर आरओ लावला की काम झाले असे धरू नका, मेंब्रेन थकते. मीटर महिन्यातून एकदा बाहेर काढण्यापेक्षा मीडिया बनवण्याच्या प्रत्येक सकाळी पाण्यात बुडवा, एक मिनिट लागते.

आता अडचणीची गोष्ट : शंभर पेशी मोजून आणायच्या कशा? रात्रभराच्या कल्चरमधले 1 मिली 9 मिली पेप्टोन सलाइनमध्ये घालत सहा वेळा पातळ करा. मूळ कल्चर शंभर कोटींचे असेल तर सहाव्या नळीत दर मिलीला हजार पेशी राहतात, म्हणजे 0.1 मिलीत शंभर. पहिल्या दोन-तीन वेळा चौथ्यापासून आठव्यापर्यंत सगळ्या नळ्या टीएसएवर लावा, म्हणजे तुमचा स्ट्रेन, तुमचा ब्रॉथ आणि तुमचा इन्क्युबेटर मिळून किती देतात ते कळेल. दर वेळी नवे टोक वापरा, प्रत्येक नळी नीट मिसळा. आकडे उड्या मारतात ते बहुतेक वेळा मिसळण्यात घाई झाल्यामुळे. आणि ज्या दिवशी मीडिया तपासता त्याच दिवशी टीएसएची प्लेटही लावा. मागच्या महिन्यात शंभर होत्या म्हणून आजही शंभरच असतील असे धरून चालत नाही. मोजलेल्या पेशींच्या तयार गोळ्याही विकत मिळतात. महाग पडतात, पण माणसे कमी असतील तर त्यांचा विचार करा.

स्ट्रेन कुठून? साल्मोनेला टायफिम्युरियमचा एटीसीसी (अमेरिकेतला जिवाणू संग्रह) 14028 सगळीकडे चालतो. त्याचा डब्ल्यूडीसीएम (संग्रहांच्या जागतिक यादीतला) क्रमांक 00031. ई. कोलाय एटीसीसी 25922, म्हणजे 00013. एंटरोकॉकस एटीसीसी 29212, म्हणजे 00087. आपल्याकडे चंडीगडचे एमटीसीसी आणि पुण्यात एनसीएलमधले एनसीआयएम हे संग्रह आहेत. तिथून कल्चर मागवताना हा क्रमांक विचारून घ्या. कल्चर आले की एकदाच वाढवून उणे 70 अंशांवर मण्यांवर साठवा. त्यातून कामाचे कल्चर काढा आणि कामाच्या कल्चरमधून पुन्हा साठा कधीही करू नका. स्लांटवरून स्लांटवर वर्षानुवर्षे फिरवलेला स्ट्रेन मूळचा राहत नाही. असा लाडावलेला स्ट्रेन मीडियाची खरी परीक्षा घेत नाही. आणि तुम्ही कारखान्यात आहात, म्हणून हेही : कंट्रोलचे काम नमुन्यांच्या खोलीत करू नका, नमुने लावून झाल्यावर करा आणि शक्य असेल तर नेहमी न आढळणारा सेरोटाइप (साल्मोनेलाचा उपप्रकार) कंट्रोलला ठेवा. म्हणजे उद्या एखादा नमुना पॉझिटिव्ह आला तर तो खरा की आपल्याच कंट्रोलचा शिंतोडा, हे सेरोटाइपवरून कळेल.

मीडिया निर्दोष असूनही साल्मोनेला निसटतो, अशाही जागा आहेत. तुमच्या बाबतीत पहिली जागा पावडर मिसळण्याची. सुकलेली पेशी एकदम पाण्यात पडली की फुगून फुटते. म्हणून दूध पावडर बीपीडब्ल्यूच्या पृष्ठभागावर हळूहळू भुरभुरा आणि न हलवता सुमारे तासभर तशीच राहू द्या, ती आपोआप बुडते. स्टोमॅकरमध्ये (नमुना पिशवीत बडवणाऱ्या यंत्रात) घालून लगेच बडवू नका. आणि बीपीडब्ल्यू फ्रिजमधून काढून थेट वापरू नका. 225 मिली थंड पाणी इन्क्युबेटरमध्ये तापायला तास-दोन तास खाते आणि ते तास जखमी पेशींच्या वाट्यातून जातात. पीटीच्या दिवशी बाटल्या कुठून काढल्या होत्या, हे आठवून पाहा.

मसाल्याच्या लॅबना तर अन्नच शत्रू असते. लसूण आणि कांदा जिवाणूंना मारतात, म्हणून त्या नमुन्यांत पोटॅशियम सल्फाइट घालावे लागते. दालचिनी शंभरपट आणि लवंग त्याहूनही जास्त पातळ करावी लागते. कांदा-लसूण मसाल्याचा नमुना साध्या बीपीडब्ल्यूत लावून ‘आढळला नाही’ लिहिणे म्हणजे डोळे मिटून वाचणे आहे. चॉकलेटला दुधाची पावडर किंवा केसिन घातलेला बीपीडब्ल्यू लागतो. यासाठी नव्या प्रकारचा नमुना आला की मी त्यातच पन्नासच्या आत साल्मोनेला घालून पूर्ण साखळी एकदा चालवतो. मीडिया, अन्न आणि हात यांची एकत्र परीक्षा तिथेच होते.

दुसरी जागा स्ट्रेनच्या स्वभावाची. एक्सएलडीवरचा काळा ठिपका हायड्रोजन सल्फाइडचा. तो न बनवणारा साल्मोनेला तिथे साधा गुलाबी दिसतो, आणि लॅक्टोज खाणारा साल्मोनेला पिवळा, हुबेहूब ई. कोलायसारखा. हे दुधाच्या धंद्यात विशेष लक्षात ठेवा. म्हणूनच दुसरी, वेगळ्या तत्त्वावरची प्लेट लावायला सांगितलेले आहे. बिस्मथ सल्फाइट किंवा एखादा क्रोमोजेनिक अगार घ्या, आणि लॅक्टोज खाणाऱ्या साल्मोनेलाचा एक स्ट्रेन साठ्यात ठेवून त्या प्लेटची चाचणी त्याच्यावरही करा. जर्मनीत 2011 साली मोड आलेल्या बियांतून ई. कोलाय ओ104:एच4 ची साथ आली, पन्नासहून जास्त माणसे दगावली. ओ157 हा दुसरा घातक ई. कोलाय शोधायला वापरतात तो सॉर्बिटॉल असलेला अगार तिथे कामाचा नव्हता, कारण हा जिवाणू सॉर्बिटॉल खात होता. प्लेट उत्तम होती, ती वेगळ्याच माणसाला शोधत होती.

तयार ओतलेल्या प्लेट विकत घेत असाल आणि निर्मात्याने लॉटसोबत या चाचण्यांचे आकडे दिले असतील, तर सगळे पुन्हा करायची गरज नाही. प्रमाणपत्रात ‘उत्तम वाढ’ असे शब्द असतील तर आकडे मागा. आकडे मिळाले तरी प्रवासात प्लेट गोठली किंवा तापली नाही ना, यासाठी थोड्या पेशींची एक चाचणी करा. पावडर विकत घेऊन लॅबमध्ये मीडिया बनवत असाल तर मात्र प्रत्येक उकळीची जबाबदारी तुमची आहे.

येत्या आठवड्यात तुम्ही काय कराल ते सांगतो. त्या दिवसाच्या बीपीडब्ल्यू, आरव्हीएस, एमकेटीटीएन आणि एक्सएलडीचे लॉट क्रमांक काढा. शिल्लक असेल त्या मीडियावर वरच्या चाचण्या लावा, आधी आरव्हीएस आणि मिसळ. शिल्लक नसेल तर त्याच डब्यातल्या पावडरीपासून, त्याच माणसाकडून, त्याच पद्धतीने पुन्हा बनवून घ्या आणि बनवताना शेजारी उभ्या राहा. 41.5 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये दारापाशी, मागे, वर आणि खाली थर्मामीटर ठेवा. काही वर्षे चाललेल्या इन्क्युबेटरमध्ये कोपऱ्यात 43 सापडले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि यातला एकही मीडिया नापास झाला, तर पीटीच्या अहवालाला उत्तर लिहिण्याआधी दुसरे काम करा. तो लॉट कोणत्या तारखेपासून वापरात होता ते रजिस्टरमध्ये पाहा. तेव्हापासून ‘आढळला नाही’ म्हणून बाहेर गेलेल्या प्रत्येक बॅचचा राखून ठेवलेला नमुना काढून, पास झालेल्या मीडियावर पुन्हा लावा. लहान मुलांच्या खाद्यासाठी गेलेल्या बॅचेस सगळ्यात आधी घ्या. व्यवस्थापकांना हे आजच सांगा, लेखी सांगा.